दारामागची कुऱ्हाड आणि दारापुढचा फौजदार

अत्याचार झाला की मुंबईत सभा होते. सभेत पुढारी माईक धरून गरजतो, बांधवांनो, आता हातात शस्त्र घ्या. टाळ्या. शिट्ट्या. मग पुढारी गाडीत बसून जातो, नि शस्त्र घ्यायचं राहतं ते नगर जिल्ह्यातल्या कुठल्यातरी वस्तीवरच्या माणसानं, ज्याच्या दाराला धड कडीही नाही. शस्त्र घेतल्यावर रात्री दोन वाजता फौजदाराची जीप आली तर त्या शस्त्राचं काय करायचं, हे पुढारी सांगत नाही. त्याला ते माहीतच नसतं. त्याच्या दारात पोलीस येतात ते त्याला संरक्षण द्यायला.

दुसरा एक इसम असतो. तो शांतता कमिटीत बसतो. चहा पितो, बिस्किट बुडवतो नि सांगतो, कायदा हातात घेऊ नका, पोलिसांना फोन करा. यालाही विचारायचंय. फोन केल्यापासून जीप येईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात आम्ही हातात काय घ्यायचं? जपमाळ?

दोस्तांनो, हे लिहिणं या दोघांच्याही विरोधात आहे. एक आपल्याला मरायला पाठवतो, दुसरा मरेपर्यंत गप्प बसायला सांगतो. दोघांनाही आपल्या घराची कडी ठाऊक नाही.

मी गोदीत ठेक्यावर माल उचलतो. दहावी पास आहे. कविता लिहितो, त्या कुणी छापल्या तर छापतो, नाही तर भिंतीवर लावतो. मूळचा नगर जिल्ह्यातला. शासनानं २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर केलं. वस्त्यांची जागा मात्र तीच आहे, वेशीबाहेर, ओढ्याच्या अंगाला.

या वेशीचाही एक हिशेब आहे. आपला आज्जा-पणजा वेसकर होता. रात्रभर गावाची वेस राखायची, चोराचा माग काढायचा, सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, ही महारकी. गावाच्या जिवाची नि मालाची राखण आपल्या काठीवर. आणि आपलं स्वतःचं घर? ते वेशीबाहेर. त्याला राखणदार कोण? कोणी नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, कायद्यानं वतन गेलं ते १९५८ साली. म्हणजे शेकडो वर्षं ज्याच्या हातात गावानं स्वतःसाठी काठी दिली, त्यानं तीच काठी स्वतःच्या दारात उभी केली की तो गुंड होतो. तडीपारीच्या यादीत त्याचं नाव चढतं. ही गंमत बघा. काठी तीच, हात तोच. राखण कुणाची, एवढ्यावर गुन्हा ठरतो.

आता नगर जिल्ह्याकडे बघा. १ जानेवारी २०१३. सोनईजवळ तीन मेहतर तरुणांना संडासाची टाकी साफ करायच्या निमित्तानं बोलावलं नि कापलं. कारण प्रेम. २०१८ साली नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४. खर्ड्याचा सतरा वर्षांचा पोरगा शाळेतून उचलला, मारला, झाडाला लटकवला. २०१७ साली सगळे आरोपी सुटले, साक्षीदार फितूर झाले म्हणून. मे २०१५. शिर्डीत लग्नाला आलेला एक तरुण, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून उचलून नेला नि मारला.

शस्त्र घ्या म्हणून ओरडणाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट पाहावी. या पाचांपैकी एकही आपल्या घरात मेला नाही. तिघांना कामाच्या निमित्तानं बोलावलं, एकाला शाळेतून, एकाला बाजारातून उचललं. दारामागं तोफ ठेवली असती तरी ती तिथं पोचली नसती. म्हणून घरातलं शस्त्र हा सगळ्या अत्याचारावरचा तोडगा आहे, असं जो सांगतो तो खोटं सांगतो.

पण खैरलांजीही आहे. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबाच्या घरावर जमाव आला. आई, मुलगी, दोन मुलं, चौघं मारली. पोलीस वेळेवर पोचले नाहीत. नंतर काही निलंबित झाले. निलंबनानं मेलेलं माणूस उठत नाही. जमाव घरावर येतो तेव्हा घर हाच शेवटचा बुरूज असतो, नि त्या वेळी मी हात बांधून बसणार नाही. तुम्हीही बसू नका. हे मी चिथावणी म्हणून लिहीत नाही. हे कायद्यात लिहिलंय.

दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच कलमं ३४ ते ४४ म्हणून बसलीत. स्वसंरक्षणाचा हक्क. आपल्या शरीरासाठी, दुसऱ्याच्या शरीरासाठी, घरादारासाठी. जीव जाईल, हाडं मोडतील, बलात्कार होईल अशी रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. रात्री घर फोडलं, राहत्या घराला आग लावली, तरीही नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० साली दर्शन सिंग खटल्यात बजावलंय की भीती रास्त असली की पुरे, घाव बसेपर्यंत थांबायची गरज नाही. नि संकटात सापडलेल्या माणसाकडून तागडीत तोलून घाव घालायची अपेक्षा करता येत नाही. शस्त्रास्त्र कायदा १९५९ चा. त्यात फक्त घरच्या नि शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, चालायची काठी, यांना शस्त्र म्हणतच नाहीत.

मग भानगड कुठं आहे? भानगड त्याच कायद्याच्या दुसऱ्या तोंडात आहे. कलम ३७, जुनं ९९. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर हक्क नाही. आणि सरकारी नोकर आपल्या अधिकारात, सद्‌भावनेनं काही करत असेल नि त्यात जीव जायची किंवा जबर दुखापतीची भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध हक्क नाही. सद्‌भावना! हा शब्द वाचून माझ्या चुलत्याला हसू आलं असतं.

चुलत्याचं सांगतो. गाव सांगत नाही, ठाणं सांगत नाही. मी तेव्हा पाचवीत होतो. चुलत्यानं गायरानातल्या दोन एकरावर बाजरी पेरली होती. गावाला ती खुपत होती. एका रात्री चाळीस-पन्नास जण वस्तीवर आले. आधी कडब्याची गंज पेटवली. मग दगड. मग दारावर लाथा. चुलता कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला. मागं चुलती, दोन पोरं नि आंधळी आज्जी. पुढं आलेल्या एकाच्या दंडाला घाव बसला. जमाव मागं सरला नि पांगला. चुलत्यानं चार माणसं वाचवली. त्या रात्री त्या जिल्ह्यात त्याच्याएवढा कायदा कुणीच पाळला नसेल.

अडीच तासांनी उजेड आला. दोन दिवे, डोळे दिपवणारे. गाडी कुणाची हे अंधारात कळायला मार्ग नव्हता. ते परत आले असं समजून चुलत्यानं कुऱ्हाड पुन्हा उचलली. ती जीप पोलिसांची होती. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा मोडला. चुलतीला केसाला धरून ओढलं. गुन्हा नोंदला तो खुनाच्या प्रयत्नाचा नि सरकारी कामात अडथळ्याचा. तीनशे सात, तीनशे त्रेपन्न. गावाची फिर्याद आमच्या आधी लिहून झाली होती, कारण त्यांच्याकडे मोटारसायकली होत्या. घर जाळायला आले ते फिर्यादी, घर वाचवणारा आरोपी, कुऱ्हाड मुद्देमाल. अकरा वर्षं तारखा पडल्या. चुलता निर्दोष सुटला. गायरान तोवर गेलं होतं, चुलता ऊसतोडीला लागला होता, जबडा वाकडाच राहिला.

पोलीस समोर आहे हे माणसाला माहीत नसेल, नि माहीत असायला कारणही नसेल, तर त्याचा स्वसंरक्षणाचा हक्क जात नाही, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. कोर्टाला हे अकरा वर्षांनी आठवलं.

म्हणजे दलिताच्या हातातल्या शस्त्राची गाठ दोघांशी पडते. आधी जमावाशी, मग जीपशी. जमावासमोर ते कधी कधी वाचवतं. जीपसमोर ते कधीच वाचवत नाही. शस्त्र घ्या म्हणणारा पुढारी पहिल्याबद्दल बोलतो नि दुसऱ्यापाशी मुका होतो.

कुणी म्हणेल, एका ठाण्यावरून सगळं खातं कशाला रंगवता? ठीक. ५ जानेवारी १९७४, वरळी. पँथरची सभा, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, मग दंगल. बीडीडी चाळींत दलितांची घरं नि पोलिसांची घरं शेजारीशेजारी. घर राखायला उभं राहायचं तर समोर शेजारचा हवालदार. पोलिसांनीच बाजू घेतल्याच्या तक्रारी न्यायमूर्ती भस्मे आयोगापुढं गेल्या. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर इमारतीवरून दगड टाकला नि भागवत जाधव गेला. ११ जुलै १९९७, घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. हातात काय होतं त्यांच्या? काही नाही. तरीही गॅसचा टँकर पेटवणार होते, अशी गोष्ट रचली. गुंडेवार आयोगानं ती गोष्ट फेटाळली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या मनोहर कदमला २००९ साली जन्मठेप झाली, हायकोर्टानं ती शिक्षा स्थगित करून जामीन दिला. रिकाम्या हातांत ज्यांना टँकर दिसतो, त्यांना तुमच्या हातातल्या विळ्यात काय काय दिसेल?

आपण १९७२ साली ज्यांचं नाव घेतलं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर. १९६६ साली ओकलंडमध्ये उभे राहिले. कायद्यानं बंदूक बाळगायला मुभा होती म्हणून उघड बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागं फिरले. काय झालं? १९६७ साली कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला. काळ्याच्या खांद्यावर बंदूक दिसताच गोऱ्या राज्याला शस्त्रबंदीची आठवण झाली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलीस फ्रेड हॅम्प्टनच्या घरात घुसले. पोलिसांच्या ऐंशीवर गोळ्या सुटल्या, आतून सुटलेली एक. हॅम्प्टन बिछान्यातच मेला. वय एकवीस.

ही जुनी गोष्ट वाटते? २०१६ साली फिलँडो कॅस्टिलची गाडी पोलिसानं अडवली. त्यानं सभ्यपणे सांगितलं, माझ्याकडे बंदूक आहे. परवाना होता. पोलिसानं सात गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. १३ मार्च २०२०, लुईव्हिल. मध्यरात्रीनंतर दार फोडून माणसं घुसली. ब्रिओना टेलरच्या मित्राला चोर वाटले, त्यानं आपल्या परवान्याच्या बंदुकीतून एक गोळी झाडली. ते पोलीस होते. त्यांनी बत्तीस झाडल्या. ब्रिओना मेली, नि पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आधी त्या मित्रावर लागला. नंतर तो काढून घ्यावा लागला. माझ्या चुलत्याचीच गोष्ट. फक्त कुऱ्हाडीच्या जागी पिस्तूल.

म्हणून म्हणतो, परवाना म्हणजे कवच नव्हे. पण तो मागायचा सोडायचा का? मुळीच नाही. आणि इथं मी शांतता कमिटीवाल्याकडे वळतो, कारण त्यानं जे दडवलंय ते बाहेर काढायचंय.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. पाठ करा. राज्य सरकारनं अत्याचार होऊ शकणारी ठिकाणं हुडकायची. तिथं जरूर पडली तर दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे नि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि दलित-आदिवासींच्या जिवाच्या नि मालमत्तेच्या रक्षणासाठी जरूर पडली तर त्यांना शस्त्रपरवाने द्यायचे. हे कुठल्या माथेफिरू कवीनं लिहिलेलं नाही. भारत सरकारच्या राजपत्रात आहे. सोनई-खर्ड्यानंतर नगर जिल्हा अत्याचारप्रवण जाहीर करा म्हणून मोर्चे निघाले. निवेदनं दिली. साहेबांनी ती स्वीकारली. साहेब निवेदन फार छान स्वीकारतात.

जिल्ह्यात आळीपाळीनं सत्तेवर बसणारे कारखानदार, सरपंच, सोसायटीवाले यांच्या कमरेला किती परवाने आहेत? नियम ३ खाली त्यातले किती जमा केले? वस्तीवर किती दिले? माहिती अधिकारात अर्ज टाका. जिल्हाधिकारी दक्षता समितीचा अध्यक्ष असतो, समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. त्या बैठकीची इतिवृत्तं मागा. दारामागची कुऱ्हाड आमची जबाबदारी, पण त्यांच्या कमरेचं पिस्तूल काढून घेणं सरकारची. आधी त्यांचं काढा. मग आमच्या कुऱ्हाडीची लांबी मोजा.

जयंती जवळ आली की कलम ३७ चा आदेश लागतो. सार्वजनिक जागी लाठ्या, काठ्या, दगड बाळगायला बंदी. तो आदेश रस्त्यावरचा आहे, घरातल्या काठीवर चालत नाही. तरी पोलीस घरात घुसून उखळात घालायचा मुसळ पण जप्त करतात. जप्त करू द्या, पण पंचनाम्यावर वस्तूचं खरं नाव लिहायला लावा. मुसळ म्हणजे मुसळ. गोदीत आमच्या हातात गोणीचा हूक असतो. गेटवर तो हत्यार वाटत नाही, कारण त्याच्यामागं मुकादमाचा माल असतो. तोच हूक घरी भिंतीला लटकला की घातक शस्त्र. वस्तू कुणासाठी राबते यावर तिचं नाव ठरतं.

आता त्या रात्रीबद्दल सरळ बोलू. घरावर जमाव आला तर पहिला फोन ११२ ला, नि वेळ मोठ्यानं बोलून ध्यानात ठेवा. दुसरा फोन १४५६६ ला, ती २०२१ पासूनची अत्याचारविरोधी हेल्पलाईन. हे फोन म्हणजे पोलिसांकडे धाव घेतल्याचा तुमचा पुरावा. वस्तीवर एकटं घर मरतं, दहा घरं एकत्र जगतात. तेव्हा एका हाकेवर सगळे दिवे लागले पाहिजेत, सगळी माणसं बाहेर आली पाहिजेत. घाव घालायची वेळ आली तर हल्ला परतवण्यापुरता घाला. पळणाऱ्याच्या मागं धावू नका. तिथं तुमचा हक्क संपतो नि त्यांचा सुरू होतो.

जमाव पांगला की राखणीला एक माणूस नेमा, बाकीच्यांनी हातातलं खाली ठेवा. गाडी दिसली की ओरडून विचारा, कोण आहे. पोलीस आहेत असं कळलं की राखणदारानंही हत्यार जमिनीवर टाकायचं, हात उघडे, चेहरा उजेडात. ही शरणागती वाटली तर वाटू द्या. त्या क्षणी जिवंत राहणं हाच आपला मोर्चा आहे. एकानं लांबून मोबाईलवर सगळं टिपावं. मग ठाण्यात पहिल्याच जबाबात सांगा, मी स्वसंरक्षणासाठी घाव घातला. नाकारू नका, लपवू नका. फिर्याद घेत नाहीत? ललिता कुमारी खटला, २०१३, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावीच लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकाला लेखी, टपालानं. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला याच अत्याचार कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. जखमांचा दाखला त्याच दिवशी घ्या. तपास उपअधीक्षकाच्या खालच्यानं करायचा नाही. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं या कायद्याचे दात काढले होते. २ एप्रिलच्या भारत बंदनं नि रस्त्यावर सांडलेल्या रक्तानं ते परत बसवले. ते वापरायचे नाहीत तर कशाला बसवले?

आणि एक बजावून ठेवतो. रात्री गस्त घालाल तेव्हा आपण जमाव होऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. मारणारेही स्वतःला राखणदारच समजत होते. नगरच्या माळावर पाल टाकणारा पारधी इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवला, नि कायदा १९५२ साली गेला तरी फौजदाराच्या डोक्यातून गेला नाही. तो तुमच्या डोक्यात शिरू देऊ नका. अंधारात पारधी दिसला नि तुमची काठी उठली, तर तुम्ही पुन्हा गावाचे वेसकर झालात.

बाबासाहेबांचं नाव घेऊन गप्प बसा म्हणणाऱ्यांनी महाड नीट वाचावं. २० मार्च १९२७. तळ्यावरून आलेल्या आपल्या माणसांवर जेवतानाच लाठ्या पडल्या. त्यांत लष्करातून आलेले कितीतरी होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ते भ्याले म्हणून नव्हे. प्रत्युत्तर दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत आरोपी कोण झालं असतं, हे त्या बॅरिस्टरला ठाऊक होतं. जूनमध्ये पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि पुढं तेच बाबासाहेब सांगून गेले की जिल्ह्यातले मुख्य अधिकारी सवर्ण हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता. संयम नि अविश्वास, दोन्ही एकाच माणसात. आपल्याला दोन्ही लागतील.

तेव्हा पुढाऱ्याला सांगा, शस्त्र घ्या म्हणायचं असेल तर त्या रात्री वस्तीवर मुक्कामाला ये, नि सकाळी आमच्या आधी ठाण्याच्या पायरीवर बस. साहेबाला सांगा, नियम ३ अमलात आण, नाही तर आमच्या दारामागच्या कुऱ्हाडीबद्दल तोंड उघडू नकोस. आणि आपल्या माणसांना सांगा, कुऱ्हाड दारामागं असू द्या. फोन चार्ज असू द्या. शेजाऱ्याचं दार वाजवायची सवय असू द्या.

जय भीम.